सिलिकोपाशी यती : यवतमाळात इंग्रजी शब्द तोडताना



ज्या सरांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला आठवीपासून दोन विषय शिकवायचे, इंग्रजी आणि संस्कृत. शाळेला दोन मास्तर परवडत नव्हते आणि सरांना दोन्ही विषय सोडवत नव्हते. आठवीच्या पहिल्या दिवशी ते वर्गात आले आणि हजेरी न घेता फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच इंग्रजी शब्द लिहीत गेले. फळा संपला, शब्द संपला नाही. उरलेली अक्षरं त्यांनी चौकटीवर आणि मग भिंतीच्या चुन्यावर लिहिली. पंचेचाळीस अक्षरं. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवलेली पोरं, आमच्या लेखी 'बिकॉज' हाच लांब शब्द होता. सर म्हणाले, "वाचा." कोणी तोंड उघडेना. तेव्हा सर म्हणाले, "काहून रे, लग्नाला गेला नाहीत का कधी?" आणि डोळे मिटून, हातात अक्षता धरल्यासारखी मूठ करून, त्यांनी तो शब्द मंगलाष्टकाच्या चालीवर म्हटला.

शब्द असा: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. भाषण छापताना हा ओळीच्या शेवटी कुठे तुटेल ते मुद्रितशोधकाच्या हातात आहे, त्याच्यावर माझा विश्वास आहे.

वर्ग हसून लोळला. मीही हसलो. त्यात हसण्यापलीकडे काही होतं हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि आजचं व्याख्यान त्या पंचवीस वर्षांचा हिशेब आहे.

आधी आपल्या गावाचं नाव तोडून पाहू. 'यवतमाळ' लिहिताना अक्षरं पाच: य, व, त, मा, ळ. आता नाक-तोंड न आवळता, सहज, एसटीच्या कंडक्टरसारखं म्हणा. हनुवटीखाली हात ठेवा, जबडा किती वेळा खाली येतो ते मोजा. तीनदा. य-वत्-माळ्. दोन अक्षरांतला 'अ' आपण गिळला. 'पांढरकवडा' लिहिताना सहा अक्षरं, बोलताना चार ठोके: पां-ढर्-कव्-डा. जबडा जितक्या वेळा उघडतो तितके इंग्रजीवाल्यांचे 'सिलॅबल'. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत त्याला 'अवयव' असा शब्द आहे, पण वर्गात तो म्हटला की पोरं हात-पाय बघतात, म्हणून मी सिलॅबलच म्हणत आलो. लिहिलेलं अक्षर आणि बोललेला सिलॅबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवनागरी इतकी नेटकी लिपी आहे की हा फरक आपल्याला आयुष्यभर कळत नाही. इंग्रजीचं स्पेलिंग इतकं बेभरवशाचं आहे की इंग्रज पोराला तो पहिलीतच कळतो.

इंग्रजांनी आपल्या जिल्ह्याचं काय केलं पाहा. वणीला त्यांनी 'वून' केलं. आपले ठोके दोन, त्यांचा एक. १९०५पर्यंत जिल्ह्याचं नावच 'वून' होतं. मग मुख्य ठाण्याचं नाव जिल्ह्याला आलं आणि ते त्यांनी लिहिलं वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल, 'येओतमाल'. शकुंतला रेल्वेच्या जुन्या पाट्यांवर हेच स्पेलिंग होतं. आपण त्याला इंग्रजांचा अडाणीपणा म्हणत आलो. मी उलट म्हणतो. त्या साहेबानं पाच अक्षरं वाचली नाहीत, तीन ठोके ऐकले. कान त्याचा बरोबर होता, 'व'चं काय करायचं तेवढं त्याला सुचलं नाही.

आपल्या लोकांनीही हेच केलं, फक्त उलट बाजूनं. 'स्टेशन'च्या तोंडाशी असलेला जोडाक्षराचा गुंता आपल्याला अवघड गेला, तर कोणी पुढचा 'स' कापून 'टेशन' केलं, आणि आपल्याकडे हिंदीचा वारा असल्यामुळे कोणी आधी 'इ' लावून 'इस्टेशन' केलं. पहिल्यानं व्यंजन टाकलं, दुसऱ्यानं सिलॅबल वाढवला. 'रिक्रूट'चा 'रंगरूट' झाला, 'लँटर्न'चं 'लालटेन' झालं. यात भाषा बिघडली असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. लांब, अनोळखी शब्द तोंडात बसेल अशा तुकड्यांत तोडणं ही माणसाची जुनी कारागिरी आहे.

पण गिळलेला 'अ' कायमचा जात नाही, ही मोठी मजेची गोष्ट आहे. वारकऱ्याला अभंगात 'यवतमाळ' घालू द्या. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं मोजतात, आणि तिथे 'यवतमाळ'ची अक्षरं पाचच मोजली जातील. गाताना तो पाचही उच्चारेल. बोलण्यात तीन, गाण्यात पाच. माधव जूलियनांनी, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धनांनी, 'छंदोरचना'त मराठी पद्याचे तीन ढीग पाडले: लघुगुरूंचा क्रम ठरलेली वृत्तं, मात्रा मोजणाऱ्या जाती आणि लघुगुरूचा भेद न पाहता फक्त अक्षरं मोजणारे छंद. फारसी शिकवणाऱ्या या प्राध्यापकानं मराठी कवितेचा कान इतका नेमका तपासला की पुढे मुंबई विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. मला त्यांचं ऋण वेगळ्याच कारणासाठी मान्य करायचं आहे. इंग्रजी शब्दाचा आघात मी इंग्रजी पुस्तकांतून आधी शिकलो, पण तो समजला 'छंदोरचना' उघडल्यावर.

आता आघाताकडे येतो.

बी.एड.नंतर काही वर्षांनी मी एका प्रशिक्षणाला गेलो होतो. ओळख करून देताना छंद विचारला. मी म्हणालो, "फोटोग्राफी." समोरच्या बाईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा मी डोळ्याला कॅमेरा लावून दाखवला. तेव्हा त्या म्हणाल्या, "ओह, फ-टॉ-ग्र-फी!" माझी लाज एक वेळ बाजूला ठेवू. मी काय म्हटलं होतं? फो, टो, ग्रा, फी. वृत्तदर्पण शिकलेल्यांनी सांगावं, कसे आहेत हे चार? चारही गुरू. आणि आठ गुरूंचं, चारावर यती, म्हणजे थांबा, असलेलं वृत्त कोणतं? विद्युन्माला. म्हणजे 'फोटोग्राफी फोटोग्राफी' असं दोनदा म्हटलं की विद्युन्मालेचा बिनचूक चरण होतो. मी त्या बाईंना संस्कृत वृत्तात उत्तर देत होतो, त्यांना कळलं नाही यात त्यांचा काय दोष!

इंग्रजीत या चारांपैकी एकच तगडा, 'टॉ'. बाकी तीन त्याच्या सावलीत, त्यांतले स्वर इतके बारीक होतात की 'फो'चा 'फ' आणि 'ग्रा'चा 'ग्र' होतो. पुन्हा, 'फोटोग्राफ' म्हणताना जोर पहिल्यावर, 'फोटोग्राफिक' म्हणताना 'ग्रॅ'वर. एकाच घरातले तीन शब्द आणि कर्ता पुरुष प्रत्येकात वेगळा. आपल्या मराठीत असं होत नाही. आपण जोर देतो तो वाक्यात, 'मी*च* केलं' असा, शब्दाच्या पोटात नाही. त्यामुळे इंग्रजी शब्द आपल्याकडे आला की आपण सगळ्या सिलॅबलांना एकसारखा पगार देतो.

एकसारखा म्हणालो खरा, पण तो पूर्ण एकसारखाही नसतो, आणि इथे माझं एक निरीक्षण आहे. आपल्या छंदःशास्त्रात 'ए' आणि 'ओ' हे कायम गुरू, ऱ्हस्व 'ए' आपल्याला माहीतच नाही. शुद्धलेखनाचा नियम आणखी असा की शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. या दोन नियमांच्या चिमट्यात इंग्रजी शब्द सापडला की त्याचा तोल उलटा होतो. इंग्रजीत 'सिनेमा'चा जोर 'सि'वर आणि 'ने' अगदी किरकोळ. आपण लिहिलं 'सिनेमा', 'ने' गुरू झाला, 'मा' गुरू झाला, उरलेला बिचारा 'सि' लघु. लघु-गुरू-गुरू, म्हणजे यगण. इंग्रजीतला मालक आपल्याकडे गडी झाला. 'कमिटी'त इंग्रज 'मि'वर जोर देतो, आपण 'टी' दीर्घ लिहितो आणि मीटिंगमध्ये 'टी'च ऐकू येते. 'डेव्हलपमेंट'मध्ये जोर दुसऱ्या सिलॅबलवर, 'व्हे'वर, पण आपला 'डे' इतका दणदणीत की मंत्र्यांच्या भाषणात गावाचा सगळा विकास 'डे'वरच होऊन जातो.

गण म्हटलं की 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र आलंच. आमच्या सरांनी ते बोटांच्या पेरांवर शिकवलं. यातली कुठलीही लागोपाठची तीन अक्षरं घ्या, पहिल्या अक्षराच्या नावाचा गण मिळतो: 'यमाता' यगण, 'मातारा' मगण. शेवटची दोन अक्षरं काढून उरलेली आठ वर्तुळात मांडली तर आठही गण एकदाच, न चुकता फिरून येतात. असल्या वर्तुळांवर विसाव्या शतकात गणितज्ञांनी प्रबंध लिहिले. आपण ते परीक्षेपुरतं घोकलं आणि विसरलो. असो.

या लघुगुरूंचा इंग्रजी आघाताशी काहीच संबंध नाही असं मी बरीच वर्षं मानत होतो, आणि तिथे मी चुकलो होतो. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी १९६८ साली इंग्रजीच्या ध्वनिरचनेवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातला एक मोठा धागा, लॅटिनमधून चालत आलेला, असा आहे: पुष्कळशा नामांत उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा सिलॅबल जड असेल तर जोर त्याच्यावर, हलका असेल तर आणखी एक पायरी मागे. जड म्हणजे काय? दीर्घ स्वर असलेला किंवा व्यंजनानं बंद झालेला. मंडळी, ही तर गुरूची व्याख्या! संयुक्त व्यंजनापूर्वीचं अक्षर गुरू, हे आपण आठवीत शिकतो. 'अजेंडा'त 'जें' बंद, म्हणून जोर 'जें'वर. 'व्हरांडा'त 'रां'वर. 'अमेरिका'त उपान्त्य 'रि' हलका, म्हणून जोर एक पाऊल मागे, 'मे'वर. 'सिनेमा'त इंग्रजीचा 'ने' ऱ्हस्व, म्हणून जोर 'सि'वर. संस्कृतचा तास नीट केलेल्या मुलाला इंग्रजी आघाताचा निम्मा अभ्यास फुकट मिळालेला असतो, त्याला ते कोणी सांगत नाही एवढंच. दोन विषय दोन मास्तरांत वाटले गेल्याचं हे नुकसान.

उरलेला निम्मा भाग प्रत्ययांचा. 'शन', 'इक', 'इटी' यांच्या आधीच्या सिलॅबलवर जोर: एज्युकेशनमध्ये 'के', इरिगेशनमध्ये 'गे', मायक्रोस्कोपिकमध्ये 'स्को', इलेक्ट्रिसिटीत 'ट्रि'. 'ओसिस' असेल तर 'ओ'वर. 'इअर' स्वतःच जोर खातो, म्हणून इंजिनिअरचा शेवट जड. 'नेस', 'फुल', 'ली' हे गरीब पाहुणे, आले तरी घरातली मांडणी बदलत नाहीत. एवढं पुष्कळ झालं, यापुढचे अपवाद शब्दकोशात पाहावेत. चांगल्या कोशात आघाताच्या सिलॅबलआधी छोटी उभी रेघ असते. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ साली निघाला, त्याच्या वारसांत ही रेघ आजही दिसते. विद्यार्थी हमखास ती मागच्या सिलॅबलला जोडतात. रेघ पुढच्याची असते.

कोणी म्हणेल, इंग्रजांसारखं बोलण्याचा हा अट्टहास कशाला? मी तसा माणूस नाही. आमच्या घरात वऱ्हाडी बोलली जायची आणि मला तिचा संकोच नाही. पण १९६९ साली हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतून आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजी बाहेरच्यांना कितपत समजते यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गोंधळाच्या कारणांमध्ये शब्दातला चुकीचा आघात ठळकपणे पुढे आला. 'व्ह' आणि 'व'ची चूक ऐकणारा सांभाळून घेतो. जोर चुकला की तो दुसराच शब्द शोधत बसतो.

आणि आघात चुकल्यानं अर्थ उलटतो हे आपल्या पूर्वजांना इंग्रजांच्या कितीतरी आधी माहीत होतं. त्वष्ट्याची गोष्ट आठवा. इंद्राचा नाश करणारा मुलगा हवा म्हणून त्यानं यज्ञ मांडला आणि मंत्रात 'इंद्रशत्रु' हा शब्द म्हटला. उदात्त स्वर शेवटी असता तर अर्थ झाला असता 'इंद्राचा संहारक'. तो पडला पहिल्या अक्षरावर, आणि समासच बदलला: 'इंद्र ज्याचा संहारक आहे असा'. वृत्र जन्मला आणि इंद्राच्या हातून मेला. व्याकरण का शिकायचं हे सांगताना पतंजलीनं महाभाष्याच्या सुरुवातीलाच हा दाखला दिला आहे. वैदिक स्वर म्हणजे सुराची उंची, इंग्रजीत उंची, जोर आणि लांबी तिन्ही एकत्र काम करतात, एवढा फरक मान्य. पण इंग्रजीत 'ग्रीन'वर जोर देऊन 'ग्रीनहाऊस' म्हटलं तर अनुदानात मिळतं ते प्लॅस्टिकचं घर, आणि 'हाऊस'वर जोर दिला तर नुसतं हिरव्या रंगाचं घर. त्वष्ट्याची चूक कृषी विभागाच्या फॉर्ममध्येही होऊ शकते.

केशवसुतांबद्दल एक छोटी गोष्ट सांगून पुढे जातो. १८९२ साली त्यांनी इंग्रजी सॉनेट मराठीत आणलं, 'मयूरासन आणि ताजमहाल' हे ते सुनीत. इंग्रजी सॉनेटची ओळ दहा सिलॅबलांची, हलका-जड असे पाच जोड. आपल्याकडे लघु-गुरू, लघु-गुरू असं धावणारं वृत्त नाही असं नाही, पंचचामर आहे, शिवतांडव स्तोत्र त्यातच आहे. पण ते घोड्यासारखं उधळतं, सुनीताचा विचार त्याच्या पाठीवर टिकला नसता. पुढे मराठीत सुनीत स्थिरावलं ते मुख्यतः शार्दूलविक्रीडितात. दहा सिलॅबलांच्या ओळीची जागा एकोणीस अक्षरांनी घेतली. भाषांतर म्हणून हे चुकीचं आणि कविता म्हणून अगदी बरोबर.

एकोणीस. हा आकडा लक्षात ठेवा.

मध्येच सुरुवातीच्या त्या मुद्रितशोधकाकडे वळतो. ओळीच्या शेवटी लांब शब्द कुठे तोडायचा हा छापखान्याचा जुना डोकेदुखीचा विषय. अमेरिकन छापखाने साधारण उच्चार पाहून तोडतात, ब्रिटिश साधारण शब्दाची घडण पाहून. १९८३ साली स्टॅनफर्डला फ्रँक लियांग यांनी संगणकाला हे तोडणं शिकवण्यावर प्रबंध लिहिला आणि त्याच्या शीर्षकातले 'हायफनेशन' आणि 'कॉम्प्युटर' हे शब्द मुद्दाम तोडून छापले. पीएच.डी.च्या प्रबंधात विनोद करणारा माणूस मला नेहमीच आवडतो.

आता ज्या भागासाठी मी हे भाषण स्वीकारलं, त्याकडे येतो. लांब इंग्रजी शब्द यवतमाळ जिल्ह्यात पुस्तकातून फार कमी येतात. ते बाटलीवरून येतात.

२०१७च्या खरिपात या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले, काहींची नजर गेली. तुम्हाला ते नव्यानं सांगायची गरज नाही, या सभागृहात त्या वॉर्डात रात्र काढलेली माणसं बसली असतील. कारणं अनेक होती: माणसाच्या उंचीपलीकडे वाढलेली पऱ्हाटी, उकाडा, मिसळलेली औषधं, उघडं तोंड. मी त्यातला जाणकार नाही. मी फक्त बाटलीवरच्या शब्दाकडे बघणारा मास्तर आहे.

आपण त्याला 'औषध' म्हणतो. कृषी केंद्रात जाऊन 'मोनो' मागायचो. पूर्ण शब्द आहे मोनोक्रोटोफॉस. तोडू या: मो-नो-क्रो-टो-फॉस. पाच. इंग्रजीत मुख्य जोर शेवटून तिसऱ्यावर, 'क्रो'वर. प्रोफेनोफॉस: प्रो-फे-नो-फॉस, जोर 'फे'वर. क्लोरपायरिफॉस: 'पाय'वर. ट्रायझोफॉस: ट्रा-य-झो-फॉस, 'य'वर. चारही ठिकाणी शेवटून तिसरा. चारही शब्दांचं शेपूट एकच, 'फॉस', आणि ते फॉस्फरसचं आहे. ही सेंद्रिय फॉस्फरसची विषं, एकाच कुळातली. शरीरात नसांचा निरोप थांबवणारं जे रसायन असतं त्याला ती निकामी करतात. मग लाळ, घाम, आकुंचलेल्या बाहुल्या, धाप. दवाखान्यात ॲट्रोपिन सुरू करायचं की नाही हे ठरवताना डॉक्टरला पहिल्यांदा कुळ हवं असतं, आणि कुळ सांगतं ते शेपूट. सगळ्यांचं नाही, मॅलॅथिऑन त्याच कुळातलं असून त्याच्या नावात 'फॉस' नाही. पण पुष्कळांचं.

आणि आपण काय केलं? शब्द लांब वाटला म्हणून कापला, आणि कापताना हातात ठेवलं 'मोनो', ज्याचा अर्थ 'एक' यापलीकडे काही नाही. टाकून दिलं 'फॉस'. 'टेशन' म्हणताना 'स' टाकला तर गाडी चुकत नाही. इथे जे टाकलं तेच नेमकं दवाखान्यात सांगायचं होतं. रात्री दोनला भेदरलेला भाऊ डॉक्टरला सांगतो, "मोनो होतं, नाहीतर दुसरं काहीतरी." मी नंतर दहावीच्या वर्गात बाटल्यांची लेबलं आणायला लावायचो, रिकाम्या बाटल्या नाही, फक्त फोटो, आणि तास घ्यायचो: तुकडे पाडा, शेपूट ओळखा, जोर कुठे ते सांगा. अभ्यासक्रमात हे नव्हतं. एका पालकानं विचारलं, इंग्रजीच्या तासाला हे काहून? त्याला मी लेबल वाचून दाखवायला सांगितलं.

आता परत सरांच्या शब्दाकडे. १९३५ साली अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडेवाल्यांच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो गंमत म्हणून बनवला. न्यूमोनो म्हणजे फुप्फुस, अल्ट्रामायक्रोस्कोपिक म्हणजे सूक्ष्मदर्शकालाही न दिसेल इतकं बारीक, सिलिको म्हणजे गारेची भुकटी, व्होल्कॅनो म्हणजे ज्वालामुखी, कोनिओसिस म्हणजे धुळीनं होणारा आजार. थोडक्यात सिलिकोसिस, पण खूप दागिने घातलेला.

सिलॅबल मोजा: न्यू-मो-नो-अल्-ट्रा-माय्-क्रो-स्को-पिक्-सि-लि-को, हे झाले बारा. व्होल्-कॅ-नो-को-नि-ओ-सिस्, हे सात. एकोणीस! आणि मंगलाष्टकाचं वृत्त शार्दूलविक्रीडित, त्याची यती कुठे? बाराव्या अक्षरावर, मग सात. छंदःशास्त्रात बारासाठी सूर्य आणि सातासाठी घोडे मोजतात, तोच हिशेब. 'सिलिको'पाशी सर थांबायचे, श्वास घ्यायचे आणि 'व्होल्कॅनो' उचलायचे. स्मिथ यांना मंगलाष्टकं ठाऊक असण्याचं कारण नाही. योगायोगच, पण इतका देखणा की मी एका रात्री कागद घेऊन गण पाडत बसलो. वृत्ताचे गण म-स-ज-स-त-त आणि शेवटी एक गुरू. 'न्यूमोनो' बिनचूक मगण. चौथ्या जागी सगण हवा, लघु-लघु-गुरू, आणि तिथे 'सिलिको' बसलेला! 'कॅ' गुरू धरला तर एकोणिसांपैकी बारा अक्षरं जागच्या जागी बसतात आणि सात बसत नाहीत. पुन्हा बारा आणि सात. न बसणारी सात सर ओढूनताणून म्हणायचे, जसं लग्नात हौशी आत्या मंगलाष्टकात सगळ्या मामांची नावं कोंबते.

सरांचा हा शब्द मी पुढे वणीला घेऊन गेलो. आमचे लोकनायक बापूजी अणे तिथलेच. टिळकांवर त्यांनी संस्कृतात 'श्रीतिलकयशोऽर्णवः' हे महाकाव्य लिहिलं, त्याला त्यांच्या मागे १९७३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या तालुक्यात अशा माणसाचा जन्म झाला, तिथे मी पुढे अनेक वर्षं मास्तरकी केली. वणीच्या एका बाजूला ज्वालामुखीच्या लाव्ह्याची काळी जमीन, कापूस, तूर. दुसऱ्या बाजूला कोळशाच्या खाणी आणि राजूर कॉलरीकडे चुन्याच्या भट्ट्या. शाळेच्या खिडकीतल्या गजांवर दुपारपर्यंत करडी पूड बसायची. मुलं त्यावर बोटानं नावं लिहायची.

तिथेही मी नववीच्या वर्गात पहिल्या दिवशी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि मंगलाष्टकाच्या चालीवर म्हटला. वर्ग हसला. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा वही घेऊन आला. म्हणाला, "सर, असाच शब्द आमच्या बाबाच्या दवाखान्याच्या कागदावर आहे. पण छोटा." बाबा खाणीत होता. मुलानं स्पेलिंग जसंच्या तसं उतरवून आणलं होतं, एकही अक्षर चुकलं नव्हतं. न्यूमोकोनिओसिस.

मी म्हटलं, "तोड." त्यानं बाकावर बोटानं ठोके दिले: न्यू, मो, को, नि, ओ, सिस्. मग फळ्याकडे पाहून त्यानं विचारलं, "सहाच, सर. बाकीचे तेरा कुठं गेले?"

मी सांगितलं, ते तेरा कोड्यासाठी जोडलेले होते. त्यानं मान हलवली. वहीत सहा तुकडे पाडले, 'न्यूमो'खाली 'फुप्फुस' आणि 'कोनि'खाली 'धूळ' असं लिहिलं, 'ओ'च्या आधी उभी रेघ मारली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. आघात बरोबर होता.